निविदेच्या अटींचा अर्थ कोणी लावावयाचा?

शासकीय कंत्राटांचे तंटे हा विषय विधिज्ञांचा आणि अभियंत्यांचा. त्यात भाषेच्या अभ्यासकाने का शिरावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे गेल्या चार-साडेचार दशकांतील निविदाविषयक निर्णय क्रमाने वाचू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. पक्षपात, संगनमत, लाचलुचपत हे आरोप अर्जांतून असतात. पण न्यायालयापुढे अखेर निर्णयार्थ जो मुद्दा उरतो तो पुष्कळदा एखाद्या साध्या शब्दसमूहाच्या अर्थाचा असतो. 'द्वितीय श्रेणीचा उपाहारगृहचालक' म्हणजे कोण? 'मेट्रोचे स्थापत्यकाम' कशास म्हणावे? 'तत्सम वस्तूं'त अमुक वस्तू येते की नाही? काम कोणाच्या पदरात पडावयाचे हे अशा शब्दांवर ठरते. आणि तो अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला १९७९ साली मिळालेले उत्तर व २०१६ साली मिळालेले उत्तर यांत मोठे अंतर पडले आहे. त्या अंतराचे स्वरूप विशद करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'निविदा' या शब्दाविषयी. 'निवेदन' आणि 'निविदा' हे एकाच धातूपासून निघालेले; मूळ अर्थ 'कळविणे' हाच. वैदिक कर्मकांडात देवतांचे आवाहन करणाऱ्या ठराविक वाक्यांना 'निविद्' म्हणत, हे येथे सहज आठवते. आजच्या निविदेतही कळविणे आणि बोलाविणे ही दोन्ही अंगे आहेत. शासन, महामंडळ किंवा नगरपालिका आपणास हवे असलेले काम व ते करणाऱ्याच्या अंगी हवी असलेली पात्रता जाहीर करते. इच्छुक आपापले लिफाफे देतात; बहुधा तांत्रिक लिफाफा आधी उघडतात आणि त्यात जे पात्र ठरतील त्यांचाच आर्थिक लिफाफा पुढे उघडला जातो. कामे व वस्तू यांच्या बाबतीत सामान्यतः सर्वांत कमी दराचा निविदाकार यशस्वी होतो. अर्थात तांत्रिक टप्प्यावर जो बाद झाला, त्याचा दर कितीही कमी असो, तो कोणी पाहतही नाही. म्हणूनच पात्रतेच्या अटींच्या शब्दार्थाला एवढे मोल येते.

कायद्याच्या दृष्टीने निविदेची जाहिरात हा प्रस्ताव नव्हे, ते प्रस्तावास आमंत्रण होय. निविदा स्वीकारली जाईपर्यंत करार अस्तित्वात येत नाही. साहजिकच डावललेल्या निविदाकाराला कराराच्या कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. त्याचा आधार संविधानाचा अनुच्छेद १४, म्हणजे समानतेचा. केंद्रापुरता सर्वंकष खरेदी कायदा आपल्याकडे झालेला नाही. २०१२ साली मांडलेले विधेयक २०१४ साली लोकसभेबरोबर व्यपगत झाले. तमिळनाडू (१९९८), कर्नाटक (१९९९), राजस्थान (२०१२) अशा काही राज्यांनी मात्र स्वतंत्र कायदे केले. केंद्राच्या कार्यालयांसाठी २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत, त्यांतील एका नियमाकडे पुढे यावयाचे आहे.

आता १९७९ च्या रमण दयाराम शेट्टी खटल्याकडे वळू. मुंबईच्या विमानतळावर एक द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह व दोन अल्पोपाहाराची दुकाने तीन वर्षांसाठी चालविण्यास द्यावयाची होती. जानेवारी १९७७ च्या जाहिरातीत, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या 'नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या उपाहारगृहचालकां'कडून निविदा मागविल्या होत्या. सर्वांत जास्त, म्हणजे दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे, परवाना शुल्क देऊ करणारी निविदा स्वीकारण्यात आली; परंतु ती देणाऱ्यांचा अनुभव होता तो कारखान्यांतील व कार्यालयांतील उपाहारकक्ष चालविण्याचा. द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह त्यांनी चालविलेले नव्हते. प्राधिकरणाच्या बाजूने युक्तिवाद असा की, अनुभव ही खरी गरज होती; शिवाय महानगरपालिका श्रेणी देते ती उपाहारगृहाला, चालकाला नव्हे; तेव्हा 'द्वितीय श्रेणीचा चालक' या शब्दांना तसा काही अर्थच नाही.

हा युक्तिवाद व्याकरणाच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. विशेषण अन्वयाने ज्या नामाला जोडलेले असते त्याच नामाला ते अर्थाने लागू पडते असे नाही. 'मोठा शेतकरी' म्हणजे धिप्पाड शेतकरी नव्हे. ज्याची शेती मोठी तो मोठा शेतकरी. 'घाऊक व्यापारी' हा स्वतः घाऊक नसतो. व्यवसायवाचक नामामागे लागलेले विशेषण त्या नामात गर्भित असलेल्या व्यवसायाकडे जाते, हे मराठी बोलणारे मूलही जाणते. न्यायालयाने व्याकरणाची ही परिभाषा वापरली नाही, पण निष्कर्ष तोच काढला: ज्याचे उपाहारगृह द्वितीय श्रेणीचे आहे तो द्वितीय श्रेणीचा उपाहारगृहचालक. त्याबरोबर त्याने असेही स्पष्ट केले की, तशीच अपरिहार्यता असल्याखेरीज लेखातील कोणताही शब्द निरर्थक मानू नये. मीमांसकांच्या शिष्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही; वाक्यातील एकाही पदाला आनर्थक्य येऊ न देण्याची त्यांची धडपड प्रसिद्धच आहे.

परंतु या निर्णयाचे खरे मर्म याच्याही पुढे आहे. निविदा नाकारण्याचा अगर स्वीकारण्याचा अधिकार प्राधिकरणाने एका कलमाने स्वतःकडे राखून ठेवला होता. तो अधिकार असला तरी, जे मानक आपण जाहीर केले त्याला शासनाचे अंग असलेली संस्था स्वतःही बांधली जाते, असे न्यायमूर्ती भगवती यांनी ठरविले. त्यासाठी अमेरिकी न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या १९५९ च्या मताचा आधार घेतला. असे का असावे? जाहिरात वाचून 'मी या वर्णनात बसत नाही' असे समजून जे घरी बसले, त्यांच्यासाठी. अट शिथिल होणार हे ठाऊक असते तर तेही आले असते. निविदेतील शब्द आलेल्यांची निवड करतात त्यापूर्वी न येणाऱ्यांना दूर ठेवतात. आणि हा दूर राहिलेला वाचक कोणत्याही मूल्यमापन समितीला कधी दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयाची थोरवी या अदृश्य वाचकाचा विचार करण्यात आहे. (प्रत्यक्ष दाद मात्र मिळाली नाही. अर्जदार उशिरा आला होता, त्याचा स्वतःचा खरा हितसंबंध दिसत नव्हता आणि दरम्यान निविदाधारकाने बराच खर्च केला होता. तत्त्व जिंकले, अर्जदार हरला. निविदांच्या खटल्यांत हे विरळा नाही.)

मानक शब्दशः पाळावयाचे म्हटले तर दुसरी अडचण उभी राहते: प्रत्येक अट सारखीच कडक काय? १९९१ च्या पोद्दार स्टील खटल्यात बयाणा रक्कम रोखीने अगर स्टेट बँकेच्या धनाकर्षाने भरावी अशी अट होती. निविदाकाराने दुसऱ्या एका राष्ट्रीयीकृत बँकेचा, त्या बँकेने स्वतःच काढलेला धनादेश दिला. पात्रतेच्या मूलभूत अटी आणि केवळ आनुषंगिक अटी असा भेद करून न्यायालयाने ही निविदा वैध मानली. हा भेद मराठीत लिहिलेल्या निविदांत अधिकच नाजूक होतो. आपले विध्यर्थी क्रियापद आज्ञा, कर्तव्य, विनंती, इच्छा, योग्यता एवढे अर्थ एकाच प्रत्ययाने वाहते. 'रक्कम धनाकर्षाने भरावी' या वाक्यात विधान कशाचे? भरण्याचे, की धनाकर्षाचे? होम आधीच विहित झालेला असताना 'दह्याने होम करावा' असे वाक्य आले, तर त्याने केवळ दही या द्रव्याचे विधान होते, असे मीमांसक सांगतात व अशा वाक्यास गुणविधी म्हणतात. त्याच न्यायाने बयाणा भरणे प्रधान आणि त्याचे साधन अंगभूत असे म्हणता येईल. पण कार्यालयातील लेखनिकाने 'भरावी', 'भरणे आवश्यक राहील' आणि 'न भरल्यास निविदा विचारात घेतली जाणार नाही' ही तीन रूपे भेद मनात धरून योजली, की हाताला येईल तसे लिहिले, हे त्याचे त्यालाच सांगता येईल की नाही याची शंका वाटते.

आकड्यांच्या बाबतीत भाषेने स्वतःला सावरून घेतले आहे. पावतीवर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो ते उगीच नाही. परक्राम्य संलेख अधिनियमानेही (१८८१) अंक व अक्षर यांत विसंगती आल्यास अक्षराला प्रमाण मानले आहे, आणि निविदांत हाच संकेत चालतो. एककाचा दर व एकूण रक्कम यांत मेळ नसेल तर एककाचा दर प्रमाण, असाही संकेत आढळतो. पुरुलिया येथील उदंचन जलविद्युत् प्रकल्पाच्या खटल्यात (२००१) निविदाकाराने संगणकामुळे दरांत पुनःपुन्हा तीच चूक झाल्याचे सांगून दुरुस्ती मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. संकेत आधी ठरलेला असल्यामुळे अर्थाचा प्रश्न तेथे उरलाच नाही.

खरा प्रश्न उरतो तो असा संकेत नसलेल्या शब्दांचा. या बाबतीत न्यायालयाचा कल हळूहळू बदलत गेला. १९९० साली, कर्नाटकातील एका वीज महामंडळाच्या प्रकरणात असे ठरले की, अटींचा एखादा अर्थ प्राधिकरणाने प्रामाणिकपणे आणि सर्वांच्या बाबतीत सारखाच लावला असेल, तर दुसरा अर्थ संभवतो एवढ्यावरून न्यायालय हस्तक्षेप करणार नाही. 'सर्वांच्या बाबतीत सारखाच' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुढे १९९४ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील भ्रमणध्वनी सेवेच्या परवान्यांवरून टाटा सेल्युलर खटला झाला, आणि न्यायालय निर्णयाची नव्हे तर निर्णयप्रक्रियेची तपासणी करते, हे सूत्र रूढ झाले.

त्यानंतरचा टप्पा नागपूरचा. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या निविदेत 'मेट्रोच्या स्थापत्यकामा'चा अनुभव मागितला होता. एका चिनी व एका भारतीय कंपनीच्या संयुक्त उपक्रमाने चीनमधील पर्ल नदीच्या मुखप्रदेशात बांधलेल्या आंतरनगरी द्रुतगती रेल्वेमार्गाचा अनुभव दाखविला. मेट्रो महामंडळाने तो ग्राह्य मानला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ग्राह्य मानला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये खंडपीठाचा निर्णय फिरविला. कारण असे दिले की, ज्याने निविदेचा मसुदा रचला तोच आपल्या गरजा व आपल्या शब्दांचा अर्थ सर्वांत चांगला जाणतो. त्याचा अर्थ दुष्ट हेतूचा वा विपर्यस्त असल्याखेरीज न्यायालयाने तो स्वीकारावा. २०२२ च्या ॲगमॅटेल खटल्यात हेच सूत्र पुढे चालले. नवोदय विद्यालय समितीला विद्यार्थ्यांसाठी टॅबलेट हवे होते व त्याच किंवा तत्सम वर्गातील वस्तू पुरविल्याचा अनुभव मागितला होता. एका निविदाकाराने स्मार्टफोन पुरविले होते. समितीने ते तत्सम मानले नाहीत, दिल्ली उच्च न्यायालयाने मानले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा समितीचाच अर्थ प्रमाण धरला.

निकाल चुकीचे आहेत, असे येथे म्हणावयाचे नाही. 'मेट्रो' म्हटल्यावर नागपूरच्या वाचकाला शहरातल्या शहरात धावणारी गाडीच दिसते. त्या शब्दाच्या गाभ्यात आंतरनगरी रेल्वे येत नाही. म्हणजे लेखकाचा अर्थ आणि वाचकाचा अर्थ येथे बहुधा एकच होता, आणि त्याच कारणास्तव तो मान्य करता आला असता. 'तत्सम'ची गोष्ट निराळी. साम्य सांगावयाचे तर साधारण धर्म सांगावा लागतो. मुख चंद्रासारखे म्हणताना आल्हादकता न सांगता चालते, कारण कविसंकेताने ती रसिकाला ठाऊक असते. अलंकारशास्त्रात याला लुप्तोपमा म्हणतात. निविदेतील 'तत्सम' ही कार्यालयीन लुप्तोपमाच होय. परंतु लुप्त धर्म कोणता हे येथे कोणत्याही संकेताने ठरलेले नसते. स्पर्शाने चालणारा पडदा हा साधारण धर्म घेतला तर स्मार्टफोन तत्सम. वर्गात अभ्यासासाठी होणारा उपयोग घेतला तर नाही. दोन्ही अर्थ शब्दांत बसतात. मग लेखकाचे तात्पर्य विचारावयाचे नाही तर कोणाचे?

हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना नवा नव्हे. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांना वक्त्याची इच्छा विचारण्याची सोयच नव्हती. अर्थ शब्दांतूनच काढणे त्यांना भाग होते. नैयायिकांनी मात्र वक्त्याच्या तात्पर्याला शाब्दबोधात स्थान दिले. 'सैंधव आण' हे त्यांचे नेहमीचे उदाहरण: भोजनाच्या वेळी मीठ, प्रयाणाच्या वेळी घोडा. निविदा पौरुषेय आहे; तेव्हा तिच्यापुरता नैयायिकांचा पक्ष धरावा, हे २०१६ च्या निर्णयाचे सार म्हणता येईल. पण या उदाहरणात तात्पर्य कळते कशावरून? प्रसंगावरून; आणि तो प्रसंग बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला एकाच वेळी दिसत असतो. सेवकाने घोडा आणल्यावर धनी 'मला मीठ म्हणावयाचे होते' असे सांगू लागला, तर त्या सांगण्याला नैयायिकही तात्पर्यग्रह म्हणणार नाही.

येथे एक स्वानुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत भाषाप्रयोगशाळेची ध्वनिमुद्रण उपकरणे घ्यावयाची होती आणि अटींचा मसुदा करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. 'मागील तीन वर्षांत शैक्षणिक संस्थांस अशा उपकरणांचा पुरवठा केलेला असावा', असे एक वाक्य त्यात होते. लिफाफे उघडल्यावर प्रश्न निघाला: तीन वर्षांत केव्हाही, की तिन्ही वर्षांत प्रत्येकी? समितीने स्वाभाविकपणे लेखकाकडे पाहिले. प्रामाणिक उत्तर असे होते की, लिहिताना यांपैकी कोणताच अर्थ मनात नव्हता. प्रश्नच सुचला नव्हता. त्या क्षणी जे उत्तर दिले असते ते समोर मांडलेली नावे पाहून दिले गेले असते, मग हेतू कितीही शुद्ध असो. सुदैवाने समितीने ती निविदा रद्द करून नव्याने काढली. त्यात आमचे चार महिने गेले आणि सहकाऱ्यांचे बोल खावे लागले ते वेगळेच. मसुदाकार हा आपल्या शब्दांच्या अर्थाचा सर्वांत उत्तम जाणकार असतो, हे वाक्य तेव्हापासून निःशंकपणे पचत नाही.

न्यायालयांच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. हरलेला प्रत्येक निविदाकार व्याकरण हाती घेऊन उच्च न्यायालयात जाऊ लागला तर पूल अर्धवट राहतात, किंमती वाढतात, आणि तो बोजा शेवटी जनतेवर पडतो. याच विचाराने २०१८ मध्ये विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात दुरुस्ती होऊन पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकमाने अडविण्यावर मर्यादा आल्या. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्यातही, काम थांबविण्यापेक्षा अन्याय झालेल्याला नुकसानभरपाईकडे वळवावे, असा कल सर्वोच्च न्यायालयाने दाखविला. शिवाय कोणत्या जाडीचा लोखंडी गज हवा, भुयाराचा अनुभव कशासाठी हवा, हे न्यायाधीशाने अभियंत्याला शिकवू नये, हे उघडच आहे. पण गरज ठरविणे हे एक काम आणि जाहीर केलेल्या शब्दांचा अर्थ ठरविणे हे दुसरे. पहिल्यात तज्ज्ञतेला मान आहे. दुसऱ्यात तज्ज्ञ हा वाचकांपैकी एक होय, फार तर जाणता वाचक.

करारांच्या कायद्यात तर याच्या नेमका उलट नियम चालत आला आहे: संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. विमापत्रांच्या खटल्यांत आपली न्यायालये तो आजही लावतात. म्हणजे एकाच कागदातील एकच शब्द, सही होण्यापूर्वी लेखकाच्या बाजूने आणि सही झाल्यावर लेखकाच्या विरुद्ध वाचला जाण्याचा संभव आहे. या विसंगतीकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले दिसत नाही.

यातून वाट काढावयाची तर ती काळाच्या सीमेत शोधावी लागेल, असे वाटते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट सांगितले आहे की, मूल्यमापन निविदेत आधीच नमूद केलेल्या अटींनुसार करावे, नवी अट मागाहून आणू नये. लिफाफे उघडल्यानंतर सुचलेला नवा अर्थ ही, शब्द जुनेच असले तरी, नवी अट नव्हे काय? उलट लिफाफे उघडण्यापूर्वी, निविदापूर्व बैठकीत अगर शुद्धिपत्रकाने, सर्वांस कळविलेला अर्थ हा लेखकाचा असूनही न्याय्य असतो. कारण तो ठरविताना कोण बाद होणार हे त्याला ठाऊक नसते, आणि ऐकणाऱ्यांना त्याप्रमाणे येण्याची वा न येण्याची मुभा असते. अमेरिकेत निविदाकारावरही तसे बंधन आहे. आल्काट्राझ बेटावर प्रवासी नेणाऱ्या बोटींच्या कंत्राटावरून २००७ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने असे ठरविले की, निविदेतील उघड दोषाबद्दल जो मुदतीपूर्वी हरकत घेत नाही, त्याला नंतर ती घेता येत नाही. बोलण्याची वेळ दोन्ही पक्षांना सारखीच लागू करणे हे त्यातील शहाणपण आपणास घेण्यासारखे आहे.

मात्र त्यासाठी आपल्या निविदापूर्व बैठकांचे रूप बदलावे लागेल. या बैठकांनंतर प्रश्नोत्तरांचा जो तक्ता प्रसिद्ध होतो तो वाचकांनी एकदा अवश्य पाहावा. डाव्या रकान्यात निविदाकाराचा प्रश्न असतो: अमुक कलमातील अमुक शब्दाचा अर्थ काय समजावा? उजव्या रकान्यात कार्यालयाचे उत्तर असते: 'निविदेतील अटीप्रमाणे'. विचारले असताना ज्याने अर्थ सांगण्याचे नाकारले, त्याला लिफाफे उघडल्यावर अर्थ सांगण्याचा विशेषाधिकार राहू नये. तेथे तरी न्यायालयाने १९७९ च्या वाटेवर परत येऊन, जाहिरात निघाली त्या दिवशी त्या व्यवसायातील जाणत्या वाचकाने ते शब्द कसे वाचले असते, एवढेच पाहावे.